उतरती साखर आणि पीसीओएस : कारणे, निदान व दैनंदिन काळजी



रुग्णालयाचा वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्चाची पत्रके, खाटांची संख्या आणि नव्या यंत्रसामग्रीची यादी डोळ्यांसमोर येते. या बाबी आवश्यकच आहेत. तथापि काही विकार असे असतात, की त्यांच्या उपचारांचा मोठा भाग रुग्णालयात नव्हे, तर घरच्या स्वयंपाकघरात पार पडतो. अशा विकारांची योग्य माहिती घराघरांत पोहोचविणे हेही धर्मादाय संस्थेचे कर्तव्यच होय. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकीय तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते सर्वसामान्यांच्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

बाह्यरुग्ण विभागात अनेक तरुण मुली व स्त्रिया पुढील तक्रार घेऊन येतात. सकाळी अकराच्या किंवा दुपारी चारच्या सुमारास एकाएकी हातपाय कापू लागतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते. चौकशी करता त्यांच्यापैकी काहींची मासिक पाळीही अनियमित असल्याचे आढळते. घरात या दोन्ही तक्रारी निरनिराळ्या मानल्या जातात. घेरीवर साखरपाणी दिले जाते आणि पाळीविषयी ‘लग्न झाले की सारे सुरळीत होईल’ असे म्हणून वेळ मारून नेली जाते. या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते आणि वारंवारच्या साखरपाण्याने ते मूळ अधिकच बळावते, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

विकाराची ओळख

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, हा प्रजननक्षम वयातील दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीस आढळणारा विकार आहे. अमेरिकेतील शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथल या दोन वैद्यांनी १९३५ साली सात स्त्री-रुग्णांच्या अभ्यासावरून त्याचे प्रथम सविस्तर वर्णन केले. नावावरून बीजांडकोशात गाठी झाल्या असाव्यात, असा समज होतो आणि घरातील मंडळी धास्तावतात. वास्तविक सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसून, पूर्ण न वाढलेली बीजांडांची सूक्ष्म पुटके असतात. ती कापून काढण्याची गरज नसते व तो कर्करोगही नव्हे.

२००३ साली रॉटरडॅम येथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत निदानासाठी तीन निकष ठरविण्यात आले : बीजनिर्मिती व पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य असणे (चेहऱ्यावर राठ केस, हट्टी मुरुमे इत्यादी) आणि बीजांडकोशाचे विशिष्ट स्वरूप. अन्य कारणे वगळून यांपैकी दोन निकष पूर्ण झाल्यास निदान केले जाते. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत मात्र पहिले दोन्ही निकष आवश्यक असतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत केवळ सोनोग्राफीच्या आधारे हे निदान करू नये. सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती सोनोग्राफीचा अहवाल आला, की लगेच तिच्या भावी मातृत्वाची चिंता करीत बसणाऱ्या पालकांनी ही बाब अवश्य ध्यानी घ्यावी.

साखर वाढण्याऐवजी उतरते का?

आपण खाल्लेल्या अन्नातील पिष्टमय पदार्थांची साखर होऊन ती रक्तात येते. तेथून ती स्नायू, यकृत व चरबीच्या पेशींत पोहोचविण्याचे काम स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे संप्रेरक करते. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांमध्ये पेशी इन्शुलिनच्या आज्ञेला पुरेशी दाद देत नाहीत. यालाच इन्शुलिन-रोध म्हणतात. एका हाकेत होणारे काम चार हाका मारल्याशिवाय होत नाही, म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडू लागते. या वाढीव इन्शुलिनमुळे बीजांडकोशात पुरुषी संप्रेरके अधिक तयार होतात व पाळीचे चक्र बिघडते.

आता साखर उतरण्याचा प्रश्न. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर रक्तातील साखर ही गल्ल्यातील रोकड, यकृतातील व चरबीतील साठा ही तिजोरी आणि इन्शुलिन हा गल्ल्यातील रोकड तिजोरीत भरणारा कारकून होय. रिकाम्या पोटी गोड चहा-बिस्किटे घेतली, की गल्ल्यात एकदम मोठी रक्कम जमा होते. कारकून प्रथम उशीर करतो आणि मग घाईघाईने सारीच रोकड तिजोरीत टाकतो. एवढ्यावर तो थांबत नाही. तो हजर आहे तोवर तिजोरीला कुलूपही घालून ठेवतो, कारण यकृताने साठ्यातील साखर रक्तात सोडू नये, हीदेखील इन्शुलिनचीच आज्ञा असते. परिणामी तिजोरी भरलेली, पण गल्ला रिकामा, अशी स्थिती जेवणानंतर साधारणतः दोन ते चार तासांनी उद्भवते. शरीर मग ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके सोडून धोक्याची सूचना देते. थरथर, घाम व धडधड ही त्या सूचनेचीच चिन्हे होत.

या वेळी पुन्हा गोड खाल्ले, तर गल्ल्यात पुन्हा मोठी रक्कम येते, पुन्हा जादा इन्शुलिन स्रवते आणि दोन तासांनी तोच प्रकार घडतो. दिवसभर हे चक्र चालते, वजन वाढते, इन्शुलिन-रोध बळावतो. यास्तव खरा उपाय गल्ल्यात वरचेवर रोकड ओतण्याचा नसून, भरणा थोडा थोडा व सावकाश होईल अशी व्यवस्था करण्याचा आहे.

हा विकार केवळ स्थूल स्त्रियांनाच होतो, हा समजही बरोबर नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंची व वजन यांवरून काढलेला दोघांचाही निर्देशांक २२.३ इतकाच होता, परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के भरली. भारतीय शरीर वरून सडपातळ दिसले, तरी आत चरबी बाळगून असू शकते. म्हणून वजनकाट्याबरोबरच कमरेचा घेरही मोजावा. मानेवर व काखेत आलेली मखमलीसारखी काळसर त्वचा ही इन्शुलिन-रोधाची खूण असू शकते. मळ समजून ती घासत बसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावी.

निदान कसे करावे?

प्रत्येक घेरी म्हणजे साखर उतरणे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) आपल्या देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तक्षय, कमी रक्तदाब, थायरॉइडचे विकार, अपुरी झोप आणि मानसिक ताण यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून हिमोग्लोबिन व थायरॉइड यांच्या तपासण्या आधी होणे इष्ट.

साखर खरोखर उतरते किंवा नाही हे ठरविण्यासाठी न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाणारी त्रिसूत्री आजही प्रमाण मानली जाते. पहिले, लक्षणे साखर उतरल्यासारखी असावीत. दुसरे, त्याच वेळी तपासलेल्या रक्तात साखर कमी आढळावी. तिसरे, साखर पूर्ववत होताच लक्षणे जावीत. मधुमेह नसलेल्या व्यक्तीत लक्षणांसह साखर दर डेसिलिटरला ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर ती निश्चितपणे कमी समजतात. पुष्कळ स्त्रियांची लक्षणे तीव्र असतात, पण मापन केले असता साखर ८० किंवा ९० निघते. याचा अर्थ त्या सोंग करीत आहेत असा नव्हे. साखर वेगाने खाली येत असतानाही शरीर सूचना देऊ शकते. अशा वेळी गोड देण्याची निकड नसते. शांत बसवून थोडे सकस खावयास द्यावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे मार्गदर्शक असले, तरी अंतिम नव्हेत. शंभराच्या खालच्या पातळीवर १५ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक अशा यंत्रांत ग्राह्य मानला जातो. प्रयोगशाळेसाठी घेतलेले रक्तही वेळेवर तपासले जावे लागते. साध्या नळीत ते तसेच पडून राहिल्यास रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि आकडा खोटाच कमी येतो. याकरिता फ्लोराइडयुक्त, करड्या टोपणाची नळी वापरतात. संकलन केंद्र दूर असेल, तर नातेवाइकांनी याविषयी अवश्य विचारणा करावी.

पीसीओएसचे निदान झालेल्या स्त्रीने ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन करावयाची दोन तासांची चाचणी करून घ्यावी. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा दोन तासांनंतरची १४० ते १९९ असल्यास ती मधुमेहाची पूर्वावस्था समजतात. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी ही चाचणी सोयीची खरी, पण रक्तक्षय असल्यास तिच्यावर पूर्णपणे विसंबता येत नाही.

साखर उतरल्यास तत्काळ काय करावे?

१. काम थांबवून बसावे. दुचाकी चालवीत असल्यास ती बाजूस घ्यावी. शक्य असल्यास ग्लुकोमीटरने साखर मोजावी.

२. साखर ७० पेक्षा कमी असल्यास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी. अकार्बोज हे औषध चालू असलेल्या रुग्णास मात्र साधी साखर त्वरित लागू पडत नाही; त्यास ग्लुकोज पावडरच द्यावी.

३. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. सुधारणा नसल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी.

४. बरे वाटताच डाळ, दूध, दही, अंडे किंवा शेंगदाणे यांसह पोळी-भाकरीसारखे काहीतरी खावे. ही चौथी पायरी बहुधा विसरली जाते आणि दोन तासांनी त्रास परततो.

५. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून तत्काळ रुग्णालयात आणावे.

आहाराची दैनंदिन शिस्त

या विकारासाठी परदेशी अन्नाची किंवा महागड्या पावडरींची मुळीच आवश्यकता नाही. मराठी घरातील ताट पुरेसे समर्थ आहे. बदलावयाची आहे ती त्याची मांडणी व वेळ.

दिवसाचा आरंभ रिकाम्या पोटी गोड चहा आणि खारी-बिस्किटांनी करू नये. उठल्यानंतर दीड-दोन तासांच्या आत न्याहारी करावी व तीत प्रथिने असावीत. मटकीची उसळ, मुगाचे धिरडे, भाजणीचे थालीपीठ व दही किंवा उकडलेली अंडी यांपैकी काहीही चालेल. कांदेपोहे करावयाचे, तर पोहे थोडे कमी घेऊन मटार, शेंगदाणे व सोबत वाटीभर दही घ्यावे.

जेवणाच्या ताटाचा अर्धा भाग भाज्या व कोशिंबीर, पाव भाग डाळ, उसळ, पनीर, अंडी किंवा मासे आणि उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात असा असावा. प्रथम कोशिंबीर व उसळ खाऊन मग भाकरी-भाताकडे वळल्यास साखर सावकाश चढते व सावकाश उतरते. ज्वारी-बाजरीची भाकरी तंतुमय असली, तरी तिचेही प्रमाण असतेच. भाकरी आहे म्हणून चार खाव्यात, असे नव्हे.

दोन खाण्यांमध्ये तीन ते चार तासांहून अधिक अंतर पडू देऊ नये. त्रासाची वेळ ठरलेली असल्यास तिच्या आधी अर्धा तास मूठभर फुटाणे, शेंगदाणे किंवा पेलाभर ताक घ्यावे. हे जादा खाणे नव्हे. दिवसभराच्या एकूण आहारातूनच ते बाजूला काढावे, अन्यथा वजन वाढेल. गूळ व मध साखरेइतकेच साखर चढवितात. फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. रिकाम्या पोटी मद्यपान केल्यास यकृताची साखर पुरविण्याची क्षमता खुंटते, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

उपवासांविषयी

संकष्टी, नवरात्र, हरतालिका, वटपौर्णिमा यांसारखी व्रते आणि रमजानचे रोजे हे श्रद्धेचे विषय आहेत व त्यांचा योग्य तो आदर राखूनच पुढील सूचना करीत आहे. हरतालिकेचा निर्जळी उपवास बहुतेक तरुण मुली व नवविवाहित स्त्रियाच करतात आणि पीसीओएसचे वयही नेमके तेच असते. दिवसभर काही न खाता सायंकाळी भरपेट साबुदाणा खाणे हा या रुग्णांसाठी सर्वांत त्रासदायक प्रकार होय, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. उपवास करावयाचाच असेल, तर राजगिरा, शेंगदाणे, दही, ताक, दूध व काकडी यांना प्राधान्य द्यावे आणि साबुदाणा, बटाटा व रताळे थोडे घ्यावे. साखर कमी करणारी औषधे चालू असल्यास उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारणे अनिवार्य समजावे. घरातील वडीलधाऱ्यांनी आपण होऊन लेकीसुनांना मोकळीक दिली, तर अर्धे काम तेथेच होईल.

व्यायाम व झोप

काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर उचलतो. म्हणूनच या विकारात व्यायाम हा सर्वांत स्वस्त उपचार आहे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे व दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली घालण्याची आपली जुनी चाल शास्त्रालाही मान्य आहे. उपाशीपोटी मात्र कठोर व्यायाम टाळावा. वजन जास्त असल्यास त्यात ५ ते १० टक्के घट झाली, तरी पाळी व साखर या दोहोंत लक्षणीय सुधारणा होऊ शकते. सत्तर किलो वजनाच्या स्त्रीसाठी ही घट साडेतीन ते सात किलो एवढीच आहे. रात्रीची अपुरी झोपही इन्शुलिन-रोध वाढविते, हे परीक्षेसाठी जागणाऱ्या विद्यार्थिनींनी विसरू नये.

औषधे

मेटफॉर्मिन हे औषध १९५७ सालापासून मधुमेहासाठी वापरात असून पीसीओएसमध्येही दिले जाते. ते इन्शुलिनचे काम सुलभ करते. केवळ मेटफॉर्मिनमुळे साखर धोकादायकरीत्या उतरणे क्वचितच घडते. जेवणासोबत घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी स्त्रियांनी, बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. पाळी नियमित करण्यासाठी डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्याही देतात. अलीकडे भूक व वजन कमी करणारी इंजेक्शने उपलब्ध झाली आहेत. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत आणि गर्भधारणेचा विचार असल्यास तसे आधी सांगावे.

घरातील मधुमेही आजी-आजोबांच्या गोळ्या ‘साखरेच्याच तर आहेत’ म्हणून मुलीस देणे अत्यंत घातक आहे. त्यांतील काही गोळ्या स्वादुपिंडास आणखी इन्शुलिन सोडावयास लावतात आणि साखर जीवघेणी उतरू शकते.

केव्हा विलंब करू नये?

पहाटे किंवा दीर्घ उपाशी राहिल्यावर साखर ५५ च्या खाली जाणे, बोलण्यात असंबद्धता, झटके किंवा बेशुद्धी येणे ही लक्षणे साध्या इन्शुलिन-रोधाची नव्हेत. स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणारी गाठ, अधिवृक्क ग्रंथींचा विकार अथवा यकृताचा आजार यांची शक्यता तपासावी लागते व त्यासाठी रुग्णालयात राहून चाचण्या कराव्या लागतात. तसेच सलग तीन महिने पाळी न आल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट घ्यावी. दीर्घकाळ पाळी न आल्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते व पुढे त्यातून गंभीर विकार संभवतात. गर्भधारणा झाल्यास पहिल्याच भेटीत आपला पीसीओएस डॉक्टरांना सांगावा, कारण गरोदरपणातील मधुमेहाचा धोका अशा स्त्रियांना अधिक असतो.

कुटुंबाचे व समाजाचे दायित्व

या विकारात मुलीला औषधाइतकीच घरच्यांच्या शब्दांची गरज असते. चेहऱ्यावरील केस, मुरुमे व वाढते वजन यांवरून होणाऱ्या टीकेने ती खचते, लोकांत मिसळणे टाळते आणि उपचार अर्ध्यावर सोडते. विवाह ठरविताना निदान लपविले जाते व विवाहानंतर सारा दोष तिच्या माथी मारला जातो. वास्तविक पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रिया योग्य उपचारांनी माता होऊ शकतात. हे सासर-माहेर दोहोंकडे स्वच्छपणे सांगितले गेले पाहिजे.

घरच्यांनी एक साधी वही करावी. खाण्याची वेळ व पदार्थ, त्रासाची वेळ, त्या वेळची साखर आणि पाळीची तारीख असे रकाने आखावेत. दोन-तीन महिन्यांची अशी नोंद समोर असली, की डॉक्टरांना निदान व आहारतज्ज्ञांना सल्ला देणे पुष्कळ सोपे होते. हिशेब लिहिला तरच तूट कोठे येते ते कळते, हा नियम दुकानास लागू आहे तसाच शरीरासही आहे.

देणगीदारांस एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते की, शस्त्रक्रियागृह व यंत्रे यांसाठी दिलेले दान डोळ्यांना दिसते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, आहारतज्ज्ञांचा वेळ आणि शाळा-महाविद्यालयांतील मार्गदर्शन यांसाठी दिलेले दान तसे दिसत नाही. परंतु आज वेळीच सावरलेली अठरा वर्षांची मुलगी चाळिशीत मधुमेहाची रुग्ण म्हणून आपल्याकडे आली नाही, तर त्याहून मोठी बचत कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.

लेखातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून ती प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही. चालू औषधांत डॉक्टरांच्या सल्ल्याविना बदल करू नये. आपल्या परिचयातील एखाद्या मुलीस वरील लक्षणे असल्यास साखरपाण्याचा पेला पुढे करून न थांबता तिला तपासणीसाठी अवश्य पाठवावे, ही विनंती.